पहिल्या पंगतीचा मान

आमच्या आत्तींनी आजवर कुणाला माफ केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. माझ्या लग्नात माझ्या मावशीनं मानाची साडी देताना घडी नीट घातली नव्हती. ती मावशी अजून आमच्या दारात आली की तिला चहा कपभर मिळतो, पण गार. एका शेळीनं आत्तींची तुळस खाल्ली होती. ती शेळी केव्हाच मेली, तरी तिच्या करडांना आमच्या अंगणात पाय ठेवायची सोय नाही. आत्ती म्हणजे माझी सासू, लीलाबाई. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात आणि सासऱ्याला मामा. माझं माहेर रहिमतपूरचं. तिकडची माझी माणसं भांडतात आणि संध्याकाळी एकमेकांकडे ताक मागायला जातात. सासर येरळेच्या काठाला, तासगावच्या बाजूला. इथं माणसं विसरत नाहीत. मलाही आता तीच सवय लागलीय, आणि खरं सांगायचं तर ती बरी वाटते.

सगळ्याची सुरुवात मामांच्या थोरल्या भावाच्या दहाव्याला झाली. थोरले मामा कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉलीपाशी उभे असताना छातीला हात लावून खाली बसले. कुणी सोडा पाजला, कुणी पाठ चोळली, कुणी लिंबू आणायला पळालं. पित्त आहे, पित्त आहे म्हणता म्हणता माणूस गेला. त्यांचे वडीलही असेच गेले होते, पन्नाशीतच. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले होते आणि कावळा शिवत नव्हता. सगळे उन्हात ताटकळले होते. गुंडातात्या एका दगडावर बसून तंबाखू मळत होते. हे मामांचे चुलतभाऊ, मामांपेक्षा दोनेक वर्षांनी मोठे, घर आमच्या समोरच. ते म्हणाले, "कावळ्याला तरी कशाला घाई? त्येला ठावं हाय, हितं पुन्ना यायचंच हाय. ह्या घरातला गडी साठी बघत न्हाई."

चारदोन माणसं हसली. मामाही ओशाळं हसले, कारण पुढचा नंबर त्यांचाच होता. आम्ही बाया जरा लांब बसलो होतो. आत्तींनी ते ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत तेव्हाच घाबरायचं असतं, हे मला नव्या नवरीलाही तोवर कळलं होतं. घरी आल्यावर नळाखाली पाय धूत त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांची साठीशांत घालणार. गावजेवण घालणार. पहिल्या पंगतीला गुंडाभावजी बसंल, आन् त्येच्या पानात मी माज्या हातानं वाढणार. आन् सगळ्यांम्होरं इचारणार, भावजी, ह्या घरातला गडी साठी बघतो का न्हाई?"

तेव्हा मामा पन्नाशी ओलांडलेले, फौजेतून हवालदार म्हणून परत आलेले. कॅन्टीनची बाटली, रविवारचं मटण आणि बंडीच्या खिशात तंबाखूची पुडी, एवढ्यात खूश असलेला गडी. आत्तींनी त्यांना दुसऱ्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात ओढून नेलं. मामा म्हणत होते, "आगं, मला काय धाड भरलीय?" धाड भरली होती. बीपी चढलेलं, साखर काठावर, रक्तात चरबी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून समजावलं. बाप आणि भाऊ लवकर गेलेत, हे बदलता येणार नाही. पण ते कळलंय म्हणून बाकीचं आधीच आवरता येईल. तंबाखू बंद, मीठ कमी, रोज चालायचं, गोळी रोज घ्यायची, आणि छातीत, हातात, जबड्यात, पाठीत काहीही वेगळं वाटलं तर पित्त म्हणून घरी बसायचं नाही. आत्ती हे सगळं असं ऐकत होत्या की जणू वैऱ्याच्या घराचा नकाशाच कुणी हातात दिलाय. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, आलाच आहात तर तुमचंही बीपी बघू."

आत्तींनी पदर खाली ओढला. "माजं काय बघताय? बाईमाणसाला काय हुतंय? ह्यांचं बघा."

मग आमच्या घरात राज्य सुरू झालं. सकाळी उठून आत्ती उंबऱ्यावर बसायच्या, डाव्या तळव्यावर मिश्री घेऊन बोटानं दात घासत समोर गुंडातात्यांच्या दाराकडे बघायच्या, आणि ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणायच्या. भावजी, ह्या घरातला गडी. पूजेआधीची पूजाच ती. चूळ भरली की त्याच काळ्या बोटांनी मामांच्या बंडीची झडती व्हायची. पुड्या ट्रॅक्टरच्या सीटखाली सापडल्या, चपलांच्या खोक्यात सापडल्या, एकदा तर खंडोबाच्या तसबिरीमागं सापडली. त्या दिवशी मामांना जेवण मिळालं नाही आणि खंडोबाचीही जागा बदलली.

मिठाची गंमत निराळी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा आत्ती छातीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, आमच्यात चिमूटभरच घालतात. ते खरंही होतं, आमटीत चिमूटभरच. मग उन्हाळ्यात आम्ही वर्षाची चटणी करायला डंकावर गेलो. मिरची, कांदा, लसूण, खोबरं कांडून झालं आणि डंकवाल्यानं रिवाजाप्रमाणे मिठाचं पातेलं वर ओतलं. आत्ती ते बघत उभ्या राहिल्या. आमटीत चटणी, भाजीत चटणी, भाकरीवर तेल-चटणी. त्या एकदम ओरडल्या, "थांब! आरं, मी वर्सभर नवऱ्याला ह्यातनं मारतीया व्हय?" तेव्हापासून आमची चटणी जवळजवळ बिनमिठाची. ती बाहेर टिकत नाही, म्हणून थोडी थोडी करून फ्रीजमध्ये ठेवतो. माझा नवरा विश्वजीत तोंडाला चव यावी म्हणून तासगावला चोरून मिसळ खायचा. एकदा सापडला. "तू बी त्याच घरातला गडी हायस," एवढंच बोलून आत्तींनी त्यालाही केंद्रात नेलं. तिशीतच त्याला बीपीची गोळी सुरू झाली. पाहुणे आमच्याकडे जेवायचं टाळू लागले. मला त्यांचा राग यायचा, आणि जेवायला बसलं की आत्तींचा यायचा.

एकदा मामांचं बीपी बरोबर आलं. मामांनी फौजी माणसासारखं जाहीर केलं, लढाई जिंकली, आणि गोळी बंद केली. आत्तींना आठवड्यानं कळलं. "बरं झालंय ते गोळीनं झालंय," त्या म्हणाल्या. "पाणी तोडलं की ऊस हिरवा ऱ्हातो व्हय?" उपासाच्या दिवशी मामा गोळीला नको म्हणाले, तर म्हणाल्या, "फराळात बसती ती. देवाशी माजं बोलणं झालंय." आणि रोज पहाटे बंधाऱ्यापर्यंत चालणं. सरळ वाट मागच्या दारानं शेतातून जाते. आत्ती मुद्दाम मामांना गुंडातात्यांच्या दारावरून न्यायच्या. तिथं आल्या की मोठ्यानं म्हणायच्या, "आवं, जरा झपाझपा!"

गुंडातात्यांवरही त्यांचं बारीक लक्ष असायचं. एकदा ते तापानं पडले तर आत्तींनी शहाळी धाडली. गाव म्हणालं, चला, वैर मिटलं. गावाला काय कळतंय! माणूस पंगतीपर्यंत जगायला नको का? मधल्या काळात तात्यांची बायको, मनुबाई, गेली. दोन दिवस दाढ दुखते म्हणत होती आणि परसात पडली, एवढंच गावाला ठाऊक. आत्ती मातीला जाऊन आल्या, अंघोळ केली, डोळे पुसले. मनुबाईचं आणि त्यांचं कधी वाकडं नव्हतं. पण पदर नीट करून लगेच म्हणाल्या, "वाईट झालं. पर भावजी हाय न्हवं धडधाकट? मग झालं."

आणि साठी आली. मामा ताठ, बारीक झालेले, गावातल्या पोरांबरोबर बंधाऱ्यावर चालणारे. साठीशांतीचा फ्लेक्स एवढा मोठा केला की फेटा घातलेले मामा दारात मावेनात. तो कुठं लावायचा यावर चर्चाच झाली नाही. गुंडातात्यांनी सकाळी दार उघडलं की समोर मामाच दिसले पाहिजेत, असा लावला. मलाही तो बांधताना आसुरी आनंद झाला. मीही ह्या घरात वर्षानुवर्षं अळणी खाल्लं होतं. त्याचं फळ मला तात्यांच्या तोंडावर बघायचं होतं.

त्या आठवड्यात आत्ती दमत होत्या. माडीवर जाताना मधल्या पायरीवर थांबायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, कार्याचं घर आहे, दमायचंच. कार्याच्या दिवशी सकाळी त्या उंबऱ्यावर बसल्या तेव्हा मिश्री जरा जास्तच घेतली. "दाढ ठणकतीया," म्हणाल्या. "पाठ बी भरून आलीया. शिरा हलवला न्हवं रातच्याला." कपाळावर घाम होता, आणि पहाट तर गार होती. मी म्हटलं, "आत्ती, जरा पडा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ पत्रावळी पुसायला गेले.

होम झाला, आहेर झाले. मांडवात पहिली पंगत बसली. गुंडातात्या पांढरा सदरा घालून आले होते. त्यांना यावंच लागलं. भाऊबंदकीत पहिल्या पंगतीचा मान नाकारला तर दुसरं वैर सुरू होतं. त्यांच्यासाठी मधलं पान राखलं होतं. वाढप्यांना सांगून ठेवलं होतं की त्या पानाला कुणी हात लावायचा नाही. वरण-भात, भाजी, सगळं आत्तींनी वाढलं. मग शिऱ्याची वाटी आणि पळी घेऊन त्या तात्यांसमोर उभ्या राहिल्या. मांडवातली सगळी माणसं बघत होती. गावात कुणाला ते वाक्य माहीत नव्हतं, असं नाही.

आत्तींनी तोंड उघडलं. "भावजी," त्या म्हणाल्या. "ह्या घरातला..." आणि थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "ह्या घरातला..." वाक्य पुढं सरकेना. डावा हात जबड्यावर गेला. पळी तिरकी झाली आणि शिरा पानाबाहेर पडला. माझ्या हातात लवंग होती. दाढेसाठी म्हणून मी स्वयंपाकघरातून तीच घेऊन येत होते. "आत्ती, ही दाढेखाली धरा," मी म्हटलं.

गुंडातात्यांनी माझ्या हातातली लवंग बघितली आणि त्यांचा चेहरा पार उतरला. हातातला घास पानात टाकून ते उभे राहिले. "फेक ती!" ते माझ्यावर ओरडले. "फेक ती लवंग! विश्वजीत, गाडीची किल्ली घे माज्या खिशातनं. पळ!"

आत्तींना आधी काय दिसलं असेल तर वैरी भरल्या पानावरून उठलेला. मांडवात, पहिल्या पंगतीला, सगळ्या गावासमोर. याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. "बसा खाली!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "पानावरनं उठू नगासा, भावजी. आदी जेवा. मला इचारायचंय." तात्यांनी ऐकलं नाही. त्यांनी आणि विश्वजीतनं मिळून आत्तींना उचललं. आत्ती गाडीत घालेपर्यंत तात्यांच्या सदऱ्याला ओढत होत्या, आणि सदऱ्यावर त्यांच्या बोटांचे शिऱ्याचे डाग पडले.

आरोग्य केंद्र वेशीवरच आहे. डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून पट्टी काढली आणि म्हणाल्या, "अटॅक आहे. वेळेत आणलंत." एक गोळी चावायला दिली आणि एकशेआठची गाडी बोलावली. मिरजेपर्यंत मी त्यांच्या उशाशी बसले होते. तोंडावर प्राणवायूचा मास्क, तरी त्या बोटानं मला जवळ बोलावून विचारत होत्या, "भावजी जेवला का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं संपलं. पण तो राग होता. मिरजेला मनगटातून तार घालून बंद पडलेली नळी उघडली, आत जाळीची नळकांडी बसवली.

तिसऱ्या दिवशी त्यांना साध्या वॉर्डात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात तंबाखू आहे का? मामा अभिमानानं म्हणाले, "न्हाई साहेब. आमच्यात तंबाखूला बंदी हाय. हिनंच घातलीय." डॉक्टरांनी आत्तींच्या दातांकडे बघितलं. "मावशी, मिश्री लावता का?"

"लावती की. दात घासायला."

"मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, मावशी."

बंडीची झडती घेणारी ती काळी बोटं चादरीवर होती. मामांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला हसूही आलं आणि रडूही. बारीकसारीक पुडी हुडकून काढणाऱ्या बाईनं रोज सकाळी सगळ्यांसमोर उंबऱ्यावर बसून तंबाखू दातांना चोळली होती, आणि एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. आत्तींचं बीपी कुणी बघितलं नव्हतं. साखर बघितली नव्हती. दोन्ही चढलेली निघाली.

संध्याकाळी गुंडातात्या आले. सदरा तोच होता, डाग धुऊनही राहिलेले. स्टूल ओढून ते बसले आणि हातातली टोपी फिरवू लागले.

"मनूनं असाच जबडा धरला हुता," ते म्हणाले. "दोन दिस. मी लवंग दिली तिला. दुसऱ्या दिशी अजून एक दिली. मागनं डॉक्टर म्हणाला, दाढ न्हवतीच ती."

आत्तींचा हात आपल्याच जबड्याकडे गेला.

"लीला, मी नदीवर बोललो ते चुकलो. गडी मोजलं मी. कवा कोण मेला, किती वर्साचा. बाया मोजायच्या माज्या डोक्यातच आलं न्हाई. तुज्या घरातल्या न्हाईत, माज्या घरातल्या बी न्हाईत."

मला वाटलं, आता ह्या माफ करतील. माणूस एवढं बोलतो, ह्यांचा जीव वाचवतो, मग काय राहिलं? पण मी रहिमतपूरची.

"भावजी, तुमी पानावरनं उठला," आत्ती म्हणाल्या.

"व्हय."

"माज्या दारात. पहिल्या पंगतीला. माजं वाक्य तोंडात असताना. ह्येचं काय करायचं?"

"काय करू, सांग."

"पुन्ना बसायचं. माज्या साठीशांतीला."

तात्या चमकले. "बाईची साठीशांत कुणी घालतं व्हय?"

"न्हाई घालत. म्हणूनशान घालायची. दोन वर्सं हायती. तवर तुमाला मरायला मुभा न्हाई. मेला तर बघा! खिशात हात घाला. काढा ती पुडी."

तात्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी मान हलवली, बायकोला ओळखून असल्यासारखी. पुडी निघाली, चुना निघाला. आत्तींनी ते माझ्या हातात दिलं. मग तात्या हळूच म्हणाले, "आन् तुजी डबी?"

आदल्या दिवशी आत्तींनीच मला ती घरून आणायला सांगितली होती, दात घासायला म्हणून. माझ्या पिशवीत होती. त्यांनी हात पुढं केला, मी दिली. घासून घासून गुळगुळीत झालेली, त्यांच्या सासूनं दिलेली पितळी डबी. त्या ती जरा वेळ मुठीत धरून बसल्या. नंतर म्हणाल्या, "टाक." आणि लगेच, "रिकामी करून आण. डबी चांगली हाय."

आता पहाटे बंधाऱ्याच्या वाटेवर तिघं चालतात. मामा पुढं, आत्ती मधे, आणि मागं गुंडातात्या. तात्यांच्या घरी आमची बिनमिठाची चटणी जाते. ती देताना आत्तींच्या डोळ्यांत जो आनंद असतो, तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. आत्तींची गोळी मी देते, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं तर त्यांचंच उसाचं उदाहरण त्यांना ऐकवते. वैर मिटलेलं नाही. ते तसंच आहे, गोळ्यांवर आहे.

सकाळी त्या अजून उंबऱ्यावर बसतात, ब्रश घेऊन. पेस्टचा फेस त्यांना आवडत नाही, शिव्या देतात. मग समोरच्या दाराकडे बघत नवीन वाक्य घोटतात. मी आतून ऐकते, आणि समोरचं दार उघडं असलं तर तात्याही ऐकतात.

"भावजी, ह्या घरातली बाई साठी बघती का न्हाई?"